तुम्ही विचारलंत म्हणून: ग्रंथालयांच्या संघाचं सभासद होऊन मिळतं काय?

"वर्गणी आम्ही भरायची, बैठकीला माणूस आम्ही पाठवायचा, वर आमची दुर्मिळ पुस्तकं दुसऱ्यांच्या वाचकांना काढून द्यायची. मग आमच्या ग्रंथालयाला मिळतं काय?"

गेली वीसेक वर्षं हा प्रश्न मला कुणी ना कुणी विचारतंच. कधी एखादे विश्वस्त, कधी नुकताच नोकरीला लागलेला ग्रंथपाल. गेल्या महिन्यात दादरला एका व्याख्यानानंतर एका जुन्या ग्रंथालयाच्या कार्यवाहांनी विचारलं. त्यांना कल्याण लोकल गाठायची होती, त्यामुळे माझं उत्तर जिन्यातच राहिलं. ते आता सावकाश लिहिते.

मी एका संदर्भ ग्रंथालयात 31 वर्षं काम केलं. त्यातली बरीच वर्षं मुंबईतल्या संशोधन ग्रंथालयांच्या एका छोट्या संघाचं कामही पाहिलं. या संघात सभासद असतात ती ग्रंथालयं. प्रत्येकाला एक मत, मग त्याच्याकडे लाखभर पुस्तकं असोत की पाच कपाटं. संघाच्या घटनेत ध्येय-उद्दिष्टांची कलमं आहेत, ती तुम्हाला कार्यालयात वाचायला मिळतील. मी एका मासिकाच्या जाहिरातींची हकिकत सांगते.

परळची एक मुलगी प्रबंधासाठी आमच्याकडे यायची. विषय होता घरातलं शिवणयंत्र. शंभरेक वर्षांपूर्वी ते मध्यमवर्गीय घरांत कसं शिरलं, बायकांना कोणी शिकवलं, हप्त्यांवर कोण विकायचं. स्त्रियांच्या एका जुन्या मासिकाचे खंड आमच्याकडे ओळीने होते. कापडी पुठ्ठा, पाठीवर सोनेरी अक्षरं, कुणालाही दाखवावेत असे. दोन दिवस तिने ते चाळले आणि मग माझ्या टेबलाशी येऊन म्हणाली, "मॅडम, यात जाहिरातीच नाहीत."

मी खंड उघडून पाहिला. खरंच नव्हत्या. मुखपृष्ठं नव्हती, मलपृष्ठं नव्हती, जाहिरातींचं एक पान नव्हतं. जुन्या बाइंडरांची पद्धतच तशी होती. अंक उसवायचे, रंगीत वेष्टनं बाजूला काढायची आणि 'मजकूर' तेवढा शिवायचा. जाहिरात हा मजकूर आहे असं तेव्हा कुणालाच वाटत नसे. नोकरीच्या पहिल्या वर्षांत मी स्वतः असे गठ्ठे बांधणीला पाठवले आहेत आणि परत आल्यावर शिलाई घट्ट आहे ना, एवढंच पाहून घेतले आहेत.

संघाने तोवर सभासद ग्रंथालयांतल्या नियतकालिकांची एक संयुक्त सूची केली होती. तिच्यात याच मासिकापुढे गिरगावातल्या एका लहान ग्रंथालयाचं नाव होतं. मी फोन केला. तिथल्या ग्रंथपाल बाई जरा ओशाळून म्हणाल्या, "आहेत हो अंक, पण बांधलेले नाहीत. बांधणीला पैसेच नव्हते कधी." सुतळीने बांधलेले सुटे अंक, कडा कसरीने खाल्लेल्या, पण वेष्टनासकट. दुसऱ्या दिवशी त्या मुलीबरोबर मीही गेले. चौथ्या की पाचव्या गठ्ठ्यात शिवणयंत्राची हप्त्यांची जाहिरात निघाली. तिच्या समासात पेन्सिलीने एक बेरीज केलेली होती. दरमहा किती, किती महिने, एकूण किती. कुणा वर्गणीदार बाईने शंभर वर्षांपूर्वी केलेला तो हिशेब पाहून ती मुलगी बराच वेळ बोललीच नाही. प्रबंधाचं एक अख्खं प्रकरण त्या पेन्सिलीवर उभं राहिलं.

आमच्या सोनेरी अक्षरांच्या खंडांत जे नव्हतं, ते त्या सुतळीच्या गठ्ठ्यात होतं. संघ कशासाठी, याचं माझ्यापुरतं उत्तर हे आहे. कुठलंच संशोधन ग्रंथालय एकट्याने पुरं पडत नाही, कितीही जुनं आणि कितीही श्रीमंत असलं तरी. भारतीय ग्रंथालयशास्त्राचा पाया घालणाऱ्या एस. आर. रंगनाथनांनी 1931 साली ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत मांडले. त्यातला एक आम्हा सगळ्यांना पाठ असतो: प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळालं पाहिजे. कपाट कुणाचं, ते त्यात कुठेच म्हटलेलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, जुन्या मराठी पुस्तकांच्या सूच्या आहेतच की. आहेत, आणि त्यांच्यावाचून माझं एक दिवस भागलं नसतं. शंकर गणेश दात्यांनी 1800 ते 1937 या काळातल्या छापील मराठी ग्रंथांची सूची केली, ती माझ्या टेबलावर कायम उघडी असे. 1867 पर्यंतच्या छापील मराठी पुस्तकांना आपण दोलामुद्रितं म्हणतो, त्यांच्याही याद्या अभ्यासकांनी कष्टाने केल्या. पण पुस्तक निघालं होतं, हे कळलं की वाचकाचा पुढचा प्रश्न असतो, "आज कुठे आहे?" त्याचं उत्तर छापून ठेवता येत नाही, कारण ते दरवर्षी बदलतं. वाळवी लागते, इमारत पुनर्विकासाला जाते, नवे विश्वस्त येतात आणि जागा मोकळी करायचा ठराव होतो. एकदा एका संस्थेने जुने अहवाल 'निरुपयोगी' म्हणून बाद केल्याचं मला कळलं, तोवर टेम्पो रद्दीवाल्याच्या दारात रिकामाही झाला होता. आदल्या दिवशी एक फोन आला असता तर ते अहवाल आम्ही उचलून आणले असते. पुढे संघात नियम झाला: काहीही बाद करायच्या आधी यादी सगळ्या सभासदांकडे फिरवायची आणि महिनाभर थांबायचं. माझ्या मते आमच्या संघाने केलेलं सगळ्यात मोठं काम हेच.

सरकारकडे प्रत जातेच ना, असंही विचारतात. 1954 चा कायदा आहे. त्यानुसार प्रकाशकाने प्रत्येक पुस्तकाची एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी ठरावीक ग्रंथालयांना पाठवायची असते, मुंबईचं राज्य मध्यवर्ती ग्रंथालय त्यातलंच. पण सगळे प्रकाशक पाठवत नाहीत. आणि गणेशोत्सव मंडळाची स्मरणिका, ज्ञातिसंस्थेचा वार्षिक अहवाल, गिरणी कामगारांच्या युनियनचं पत्रक, चाळीच्या सोसायटीची नियमावली, हे पाठवायचं असतं हे छापणाऱ्याच्या गावीही नसतं. मुंबईचा इतिहास लिहायला बसलेल्या माणसाला मात्र नेमकं तेच लागतं.

संघ करायची कल्पना काही आमची नव्हे. अमेरिकेत 1932 साली संशोधन ग्रंथालयांनी मिळून असोसिएशन ऑफ रिसर्च लायब्ररीज स्थापन केली. आज अमेरिका आणि कॅनडातली सुमारे सव्वाशे ग्रंथालयं तिची सभासद आहेत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यांच्या ध्यानात आलं, की कित्येक देशांविषयीची आवश्यक पुस्तकं आपल्याकडे एकाही ग्रंथालयात नाहीत. 1942 साली कनेक्टिकटमधल्या फार्मिंग्टन गावी बैठक झाली, आणि 1948 पासून त्यांनी देश आणि विषय आपसांत वाटून घेतले. हे तुम्ही घ्या, ते आम्ही घेतो, पण संशोधनाच्या उपयोगाच्या प्रत्येक परदेशी पुस्तकाची निदान एक प्रत देशात कुठेतरी आलीच पाहिजे.

याचा आपल्याशी संबंध आहे आणि तो गव्हातून आला आहे. माझ्या वयाच्या माणसांना पीएल 480, म्हणजे ज्या अमेरिकन कायद्याखाली तिथला गहू आपल्याकडे यायचा तो, म्हटलं की रेशनची रांग आठवते. बाबांबरोबर पिशवी धरून मीही उभी राहिले आहे. त्या अमेरिकन गव्हाचे पैसे आपण रुपयांत फेडायचो आणि त्या रुपयांचा मोठा भाग इथेच खर्च व्हायचा. त्यातल्या काही रुपयांतून 1962 पासून लायब्ररी ऑफ काँग्रेस या वॉशिंग्टनच्या ग्रंथालयाच्या दिल्ली कचेरीने भारतीय भाषांतली पुस्तकं विकत घ्यायला सुरुवात केली आणि ती अमेरिकेतल्या संशोधन ग्रंथालयांना वाटली. त्यात मराठी होती. म्हणून साठच्या दशकातला एखादा कथासंग्रह मुंबईत कुठेच मिळेना, तेव्हा तो मला शिकागो विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या सूचीत सापडला. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश मुंबईत छापला गेला, त्याची दुसरी आवृत्ती 1857 ची. आज आपण तो मोबाइलवर फुकट पाहतो, तो शिकागो विद्यापीठाच्या डिजिटल साउथ एशिया लायब्ररीवर. मला याचा आनंद होतो आणि दर वेळी चुटपुटही लागते. आमची पुस्तकं तिथे नीट राहिली, कारण तिथल्या ग्रंथालयांनी ती मिळून सांभाळायची ठरवलं होतं.

आपल्याकडे मिळून सांभाळणं म्हणजे काय, ते मी 2005 च्या जुलैत पाहिलं. 26 तारखेला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला, हे सगळ्यांना आठवत असेल. आमचं ग्रंथालय उपनगरात, नियतकालिकं तळमजल्यावर. मी 28 तारखेला सकाळी पोचले तेव्हा पाणी उतरलं होतं, पण खालच्या दोन फळ्यांवरचे खंड फुगून इतके घट्ट बसले होते की बोट आत जाईना. वीज नव्हती. पंखे बंद, हवा कोंदट, आणि ओल्या कागदाचा तो आंबूस वास. आम्ही चौघं नुसतीच उभी होतो.

दुपारी फोर्टातल्या एका सभासद ग्रंथालयाचे तिघे जण आले, डोक्यावर प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले टीपकागदाचे गठ्ठे घेऊन. त्यांच्यातले वयस्कर बाइंडर काका आल्या आल्या म्हणाले, "आधी गुळगुळीत कागदाची पुस्तकं काढा. ती ओली आहेत तोवरच पानं सुटतील. तशीच वाळली तर वीट होईल." आम्ही नेमकी तीच शेवटी काढणार होतो, कारण ती जड होती. खंड ओढायचे नाहीत, बाजूची फळी उचकटायची, हे त्यांनीच शिकवलं. चार दिवस आम्ही दोन पानांत एक टीपकागद घालत बसलो. पातळ पुस्तिका दोऱ्यांवर वाळत टाकल्या. पुष्कळ वाचलं, काही गेलं. जे गेलं त्यातले बरेचसे अंक इतर सभासदांनी आपल्या प्रतींवरून झेरॉक्स करून दिले. बिल कुणीच पाठवलं नाही. आमच्या विश्वस्तांपैकी ज्यांनी वर्गणीच्या ठरावाला दोनदा विरोध केला होता, त्यांनी त्या वर्षी तो स्वतः मांडला.

वाचकाच्या बाबतीत संघ एका गोष्टीला फार जपतो. कोण काय वाचतं, ते बाहेर सांगायचं नाही. एकदा एक गृहस्थ येऊन एका वादग्रस्त पुस्तकासाठी कोणी कोणी मागणीपत्रं भरली, ते विचारू लागले. आवाज चढला, ओळखीपाळखी निघाल्या. काउंटरवरच्या मुलाने त्यांना संघाचं परिपत्रक दाखवलं, कुठलंच सभासद ग्रंथालय ही माहिती देत नाही असं. एकट्या माणसाला 'नाही' म्हणायला जड जातं. पाठीशी बावीस ग्रंथालयं असली की आवाज न चढवता म्हणता येतं.

आणि हल्ली नवा प्रश्न येतो: आता केंद्र सरकारची 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' ही संशोधन नियतकालिकांच्या सामायिक वर्गणीची योजना आली, मग संघाची गरज काय? ही योजना मला मनापासून आवडते. तीन वर्षांसाठी सुमारे 6,000 कोटी रुपये, जवळजवळ 13,000 ई-नियतकालिकं, 2025 च्या जानेवारीपासून सुरू. लहान गावातल्या सरकारी कॉलेजच्या विद्यार्थ्याला जगातली नियतकालिकं उघडतात, ही मोठीच गोष्ट. पण ती सरकारी उच्चशिक्षण संस्थांसाठी आणि केंद्राच्या संशोधन संस्थांसाठी आहे. विश्वस्त निधीवर आणि देणग्यांवर चालणारी आपली ग्रंथालयं तिच्यात बसत नाहीत. शिवाय ती वर्गणी आहे, भरणं थांबलं की प्रवेशाचा प्रश्न पुन्हा उभा. आणि शिवणयंत्राच्या जाहिराती असलेलं ते मासिक तिच्यात नाही. ते गिरगावात आहे, सुतळीच्या गठ्ठ्यात. त्याचं स्कॅनिंग आम्ही पाच ग्रंथालयांनी खर्च वाटून घेऊन केलं. आमच्याकडचे अंक, त्यांच्याकडची वेष्टनं, असा एकेक महिना जुळवत गेलो. आता ते कुणालाही पाहता येतं, सभासद असो वा नसो. तसा आग्रह गिरगावच्या बाईंनी धरला होता.

तेव्हा कार्यवाहसाहेब, वर्गणीच्या बदल्यात पावती मिळेल, बैठकीची सूचना मिळेल आणि संयुक्त सूचीत तुमच्या ग्रंथालयाचा एक रकाना होईल. तो रकाना भरायला तुमच्याकडे काय आहे आणि काय नाही, दोन्ही खरं लिहावं लागेल. फाटलेले अंकही लिहायचे, सुटेही लिहायचे. दाखल नोंदवही, म्हणजे आलेलं प्रत्येक पुस्तक जिच्यात नोंदतात ती, कोणत्या सालापासूनची आहे आणि मधली वर्षं गहाळ आहेत का, तेवढं आधी बघून ठेवा. आमची पुढची बैठक महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी आहे. तुमच्या ग्रंथपालांनाही बरोबर आणा, कपाटं त्यांना माहीत असतात.