लेआउटसाठी शंटर घेताना: माझा अनुभव

मॉडेल रेल्वेत लांब गाडी ओढणारं इंजिन निवडणं तुलनेनं सोपं. ते वेगात असतं, रुळावर कुठे धूळ बसली असली तरी आपल्या जोरावरच पुढे निघून जातं. शंटर म्हणजे यार्डात वाघिणी (मालडबे) इकडून तिकडे हलवणारं छोटं इंजिन, त्याचं सगळं काम दोन-तीन फुटांत चालतं. पुढे जा, वाघीण जोड, मागे ये, सांधा (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवायची जागा) बदलला की दुसऱ्या फाट्यावर नेऊन सोड. त्यामुळे आठ हजारांच्या आत शंटर शोधायचा ठरवला तेव्हा मी एकच कसोटी धरली: इंजिन किती हळू चालतं आणि त्या हळू चालीत अडखळतं का. रंग, नाव, डबी हे सगळं नंतर.

कारंजा तालुक्यात माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. सबमर्सिबल, थ्रेशर, पिठाच्या गिरण्या, सगळ्यांच्या मोटारी येतात. दुकानामागच्या खोलीत पाच फूट बाय एक फूट प्लायवूडवर माझा लेआउट, म्हणजे छोट्या रेल्वेची मांडणी आहे, जिनिंग कारखान्याची सायडिंग (माल भरायचे बाजूचे रूळ). आराखडा ॲलन राइट या इंग्रज मॉडेलकाराचा, इंगलनूक नावाचा. तीन फाटे असतात. एकावर पाच वाघिणी मावतात, बाकी दोन्हींवर तीन-तीन. समोरच्या रुळावर इंजिन आणि तीन वाघिणी एवढीच जागा. एकूण वाघिणी आठ. चिठ्ठ्या काढायच्या आणि निघालेल्या क्रमानं पाच वाघिणींची गाडी लावायची. आठातल्या पाचांचे ६७२० क्रम होतात, त्यामुळे एवढ्याशा फळीवर खेळ कधी संपत नाही. माझ्या वाघिणी चारचाकी आहेत, पुठ्ठ्याच्या, मीच केलेल्या. काहींत रुईच्या गाठी, काहींत सरकी.

कारंज्याचा माणूस म्हटला की पहिला प्रश्न येतो, शकुंतला, म्हणजे आपली नॅरोगेज गाडी, का नाही केली? ती अजून मनात आहेच. पण तिचा रूळ ७६२ मिलिमीटरचा, म्हणजे दोन रुळांत तेवढं अंतर. १:८७ प्रमाणात तो पावणेनऊ मिलिमीटर होतो. ९ मिलिमीटरचा तयार रूळ त्याला जवळपास बरोबर बसतो, मात्र वरचा सगळा सांगाडा हातानं घडवावा लागेल. सध्या एचओ, म्हणजे १:८७ प्रमाण आणि १६.५ मिलिमीटरचा रूळ. आपल्या ब्रॉडगेजच्या हिशेबानं तो सव्वाएकोणीस हवा होता. हा फरक मी मान्य केला, कारण एचओत इंजिनं, सुटे भाग, चाकं सगळं मिळतं.

कागदावर तीन पर्याय उरले. पहिला, चारचाकी छोटा शंटर. सगळ्यात स्वस्त आणि दिसायला गोड. पण सांध्याच्या मधोमध, जिथे दोन रूळ एकमेकांना छेदतात, तिथे माझ्या सांध्यांत प्लॅस्टिकचा तुकडा आहे. त्यावर वीज नसते. चारच चाकं असलेलं इंजिन हळू चाललं की नेमकं तिथेच थांबतं आणि बोटानं ढकलावं लागतं. यार्डात सांध्यावरूनच सारखी ये-जा असते, म्हणून तो पर्याय मी लगेच सोडला.

दुसरा, जनरल इलेक्ट्रिकचा ४४ टनी. हे इंजिन मला मनापासून आवडतं. मधोमध केबिन आणि दोन्हीकडे बुटकी नाकं. खरं इंजिन १९४० ते १९५६ या काळात बनलं. ४४ टनच का, तर अमेरिकेत १९३७ च्या एका करारानं ९०,००० पौंड किंवा त्याहून जड इंजिनावर ड्रायव्हरसोबत फायरमनही ठेवणं भाग झालं. ९०,००० पौंड म्हणजे तिकडचे ४५ टन. म्हणून एक टन खालीच थांबले.

तिसरा, ॲल्को कंपनीचा एस-२. १९४० ते १९५० मधला, १००० अश्वशक्तीचा, दोन बोगी (खालचे चाकांचे सांगाडे) आणि चार धुऱ्यांचा. आपल्या यार्डांत दिसलेला डब्ल्यूडीएस-६ यापेक्षा लांब आणि सहा धुऱ्यांचा असला तरी त्याचं डिझेल इंजिन ॲल्कोच्याच घराण्यातलं. तेच लांब नाक, टोकाला केबिन. डब्ल्यूडीएस-६ चं चांगलं मॉडेल माझ्या पैशात बसणारं नव्हतं. एस-२ वर निळा-पांढरा रंग चढवला तर जिनिंगच्या सायडिंगला तो शोभतो.

नवीन इंजिन बाहेरून मागवलं की टपाल आणि सीमाशुल्क धरून किंमत कुठल्या कुठे जाते, म्हणून मी देशातलंच वापरलेलं शोधलं. नागपूरचे एक निवृत्त रेल्वे कर्मचारी आपला संग्रह कमी करत होते. त्यांच्याकडे ४४ टनीही होता आणि एस-२ सुद्धा. फोनवर मी विचारलं, ‘‘काका, मी माझा मीटर आणि थोडा रूळ घेऊन येऊ का? तपासूनच घेतो म्हणतो.’’

‘‘या ना भाऊ. घाई नोका करू, दिवसभर बसून पहा,’’ ते म्हणाले.

मी फूटभर रूळ आणि एक सांधा फळीवर ठोकून नेला होता. पहिली चाचणी वेगाची. खऱ्या यार्डात शंटिंग ताशी १५ किलोमीटरच्या आत ठेवायचा नियम आहे, आणि वाघीण जोडताना तर चालण्याच्या वेगानं जावं लागतं. ताशी ५ किलोमीटर म्हणजे एचओत सेकंदाला साधारण दीड सेंटिमीटर; एक फूट जायला वीसेक सेकंद लागायला हवीत. व्होल्टेज शून्यावरून हळूहळू चढवलं. एस-२ दोन व्होल्टच्या आसपास हलला आणि स्लीपरमागून स्लीपर मोजता येईल असा सरकत राहिला. ४४ टनी एकदम उडी मारून निघाला. त्याला त्याहून हळू चालवताच येईना.

दुसरी चाचणी कागदाची. वहीचं पान फाडून पुढच्या बोगीखाली घातलं, म्हणजे तिची चारही चाकं रुळापासून तुटली. एस-२ मागच्या बोगीवर वीज घेऊन चाललाच. मग कागद मागच्या बोगीखाली. तरी चालला. आठही चाकांतून वीज घेणारं इंजिन सांध्यावर सहसा मरत नाही, कारण एक बोगी प्लॅस्टिकवर असली तरी दुसरी रुळावर असते. काही इंजिनांच्या चाकांवर पकडीसाठी रबरी कडं असतं. ओढायला बरं, पण त्या चाकातून वीज येत नाही. शंटरमध्ये मी ते टाळतो.

तिसरी मोटारीची, आणि ही मला सगळ्यात जवळची. मोकळं चालताना एस-२ ने ०.२ अँपिअर घेतला. बारा व्होल्टवर बोटानं क्षणभर दाबून चाकं थांबवली तेव्हाही आकडा एकाच्या आत राहिला. पुढे डीसीसी डिकोडर (रुळातून आलेले डिजिटल आदेश ओळखून मोटार चालवणारा छोटा सर्किट बोर्ड) बसवायचा तर हा आकडा महत्त्वाचा, कारण एचओचे पुष्कळ डिकोडर एका अँपिअरचे असतात. इंजिन उलटं करून चालवलं आणि कान लावला. जुन्या मॉडेलांत धुऱ्यावरचा प्लॅस्टिकचा गिअर कधी कधी तडकतो. मग चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात ‘टक्’ असा ठोका येतो. इथे एकसारखी घरघर होती. मोटारीचा कम्युटेटर (आर्मेचरवरचा तांब्याच्या पट्ट्यांचा भाग) थोडा काळवंडला होता, पण त्यावर घासून वीज देणारे ब्रश निम्म्याहून जास्त शिल्लक होते.

काकांनी सहा हजार सांगितले, साडेपाचला दिलं. सोबत जुनी कपलिंगं (वाघिणी जोडायचे आकडे) बदलून धातूची बसवलेली होती, त्यांचे वेगळे पैसे लावले नाहीत. माझ्या मते पैसा वसूल झाला तो इथेच. स्वस्तात घेतलेल्या इंजिनाला चाकं, कपलिंग, गिअर बदलत बसलं की ते नव्याच्या भावात जातं.

आमच्याकडे या छंदाचा खरा शत्रू आहे कापसाचा तंतू. वेचणीच्या दिवसांत तो हवेत असतो, रुळावर पडतो आणि चाकाबरोबर गुंडाळत थेट गिअरपर्यंत पोचतो. एस-२ च्या बोगीचं खालचं झाकण काढता येतं, चिमट्यानं तंतू ओढून काढता येतो. ज्या इंजिनाचं झाकण सहज निघत नाही ते कापूसपट्ट्यात घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

वीज कधी जाईल याचा नेम नाही, म्हणून लेआउट फवारणी पंपाच्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतो. बॅटरी आणि वेग कमी-जास्त करणारा रेग्युलेटर यांच्या मधल्या तारेत मोटारसायकलच्या इंडिकेटरचा १० वॉटचा बल्ब जोडला आहे. वाघीण रुळावरून उतरून शॉर्ट झाला की बल्ब पेटतो, आणि करंट ०.८ अँपिअरच्या वर जात नाही. नाजूक कोअरलेस (लोखंडी गाभा नसलेल्या) मोटारीला काही रेग्युलेटरवर गरम होण्याचा धोका असतो; एस-२ ची मोटार साधी लोखंडी आर्मेचरची आहे, तासभर चालूनही कोमट राहते.

डिकोडर तूर निघाल्यावर घेणार. तोवर निळ्या रंगाची छटा जुळवायची आहे, आणि पाच वाघिणींच्या फाट्यावरचा एक सांधा थोडा वर उचललाय तो बसवायचा आहे.