कळसापासून माघारी

देहूहून तुकोबांची पालखी निघाली की पहिला विसावा अनगडशाह बाबांच्या दर्ग्यापाशी. तिथं अभंग-आरती होते, मग आकुर्डीची वाट धरायची. कुणी मन मोठं केलं म्हणून पालखी थांबत नाही, तो नेमच आहे. भोवताली वातावरण कितीही तापलेलं असलं तरी नेम मोडत नाही. एकोपा टिकवायचा तर तो असा नेमाला बांधावा लागतो, हे मला त्या आरतीत उभं राहून पटलं.

बारामती सोडल्यावर काटेवाडीला परीट समाज धोतरांच्या पायघड्या अंथरतो. मेंढपाळांची मेंढरं पालखीभोवती रिंगण धरतात. तो मान त्यांचा. मान मिळाला की माणूस सोहळ्यात पाहुणा राहत नाही.

पण वारीचं सगळंच गोड करून सांगणं मला मान्य नाही. एकमेकांच्या पाया पडत चालणाऱ्या दिंड्यांत पूर्वी पंगती मात्र जातवार बसत. आणि पंढरपुरात तर दलितांना देवळाचं दारच बंद. आमच्यासोबत चालणाऱ्या एका आजींनी सराटीच्या मुक्कामी सांगितलं, "माझा बाप पायी यायचा, चोखोबांच्या समाधीवर डोकं टेकवायचा आन् कळसाला हात जोडून माघारी फिरायचा. इठ्ठल काय त्याला दिसला न्हाई." चोखोबांची समाधी महाद्वारासमोर, नामदेव पायरीजवळ आहे. तिथून गाभारा किती जवळ! तेवढं अंतर कापायला शतकं लागली. साने गुरुजींनी आधी महाराष्ट्रभर फिरून लोकांची मनं वळवली, मग १ मे १९४७ ला पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण मांडलं. १० मे ला ते सुटलं, दलितांसाठी मंदिर खुलं करायचं ठरलं तेव्हाच. भजनं तोवर रोज होतच होती. दार उघडायला कुणाला तरी अन्न सोडावं लागलं.

आजींच्या मागोमाग मी पदस्पर्श दर्शन घेतलं. बाहेर आल्यावर त्या बराच वेळ बापाबद्दलच बोलत होत्या.

आमच्या गावातून अजूनही दोन वेगळ्या दिंड्या निघतात, एक वरच्या आळीची, एक वस्तीवरची. परतीच्या वाटेवर मी आमच्या विणेकरीबुवांना सगळ्यांदेखत विचारलं, "बुवा, पुढच्या वर्षी एकच चूल ठेवायची का?" ते हो म्हणाले. दोघा-तिघांनी कुरकुर केली. आषाढी होऊन गेल्यावर दोन्हीकडच्या मंडळींची बैठक झाली. स्वयंपाकाला दोन्हीकडच्या बाया एकत्र बसायच्या, एवढं ठरलंय. दिंडीच्या मानाची वीणा कुणाच्या गळ्यात, यावर दिवाळीनंतर पुन्हा बसायचं आहे.