पंधरा पाऊण सव्वा अकरा

रात्री पावणेअकराच्या सुमारास धाकटीने मला हलवून जागे केले आणि "आई, माझी चादर ओली झाली आहे," असे सांगितले, तेव्हा सहा वर्षांच्या मुलीच्या आईच्या मनात जे पहिल्यांदा येते तेच माझ्याही मनात आले आणि मी तिला रागावले. हा अन्याय ती अजून विसरलेली नाही. मग मी उठून बसण्यासाठी हात टेकला, तर तंबूचा तळ हाताखाली पाण्याने भरलेल्या पिशवीसारखा दबला आणि पलीकडे, मुलाच्या पायांपाशी, तसाच फुगून वर आला. बाहेर समुद्राचा आवाज येत होता, पण झोपताना तो जिथून येत होता तिथून येत नव्हता. तो आता चारही बाजूंनी येत होता.

हे दापोलीजवळच्या कर्दे येथे, 24 फेब्रुवारी 2024 रोजी घडले. पुण्याहून निघून ताम्हिणी घाटाने कोकणात उतरायचे आणि मग किनारा न सोडता, खाड्या फेरीबोटीने ओलांडत गणपतीपुळ्यापर्यंत जायचे, असा आमचा पाच दिवसांचा बेत होता. गाडीत आम्ही दोघे, दोन मुले आणि सासूबाई. नवा तंबू घेऊन ठेवल्यापासून दोन वर्षे माळ्यावर पडून होता आणि तो वापरलाच पाहिजे, या एका हट्टापायी यजमानांनी बहुतेक मुक्काम मोकळे ठेवले होते. सासूबाईंनी मात्र पहिल्याच दिवशी सांगून टाकले होते, की त्या तंबूत झोपणार नाहीत. गाडीची मागची बैठक आडवी करून द्यावी, म्हणजे झाले.

त्या दिवशी समुद्राने आम्हाला सकाळपासून सूचना दिल्या होत्या, हे आता लिहिताना लख्ख दिसते. हरिहरेश्वरला देवळामागचा प्रदक्षिणेचा मार्ग खडकांवरून, अगदी पाण्याच्या कडेने जातो. साडेनऊला आम्ही पायऱ्या उतरून खाली गेलो, तर तिथल्या एका माणसाने भरती लागली आहे म्हणून आम्हाला परत फिरवले आणि आम्ही हिरमुसून परत आलो. बागमांडल्याहून वेश्वीला जाणाऱ्या फेरीबोटीत चढलो, तेव्हा बारा वाजायला आले होते. सावित्रीची खाडी काठोकाठ भरली होती आणि जेटीचा उतार जवळजवळ सगळा पाण्याखाली होता. बोटीच्या कठड्याला टेकून उभ्या असलेल्या सासूबाई म्हणाल्या, "आज पौर्णिमा आहे, मला पोथी वाचायची आहे, दिवस मावळायच्या आत मुक्कामाला पोहोचू ना?" आम्ही हो म्हटले आणि मुलांचे फोटो काढू लागलो. पौर्णिमा, दुपारी बारा आणि काठोकाठ पाणी या तिन्ही गोष्टी एका बोटीत एकत्र बसल्या होत्या. त्यांची ओळख करून देण्याचे कोणालाच सुचले नाही.

वेळासला कासवाचे एकही पिल्लू दिसले नाही, कारण पिल्ले सकाळी आणि संध्याकाळी समुद्रात सोडतात आणि आम्ही भर दुपारी एक वाजता तिथे जाऊन उभे राहिलो. केळशी आणि आंजर्ले गाडीच्या काचेतून पाहिले. हर्णैला सुवर्णदुर्ग समोर दिसत असताना मुलाला भूक लागली होती.

कर्द्याच्या मोकळ्या पुळणीवर तंबू ठोकण्याचा निर्णय रागाच्या भरात झाला, हेही कबूल केले पाहिजे. त्याआधी वाटेत तयार तंबूंचा एक तळ पाहिला होता. एकाला एक खेटून निळ्या-केशरी तंबूंच्या रांगा, प्रत्येक तंबूसमोर प्लास्टिकच्या दोन खुर्च्या आणि मधोमध माणसाच्या उंचीचे दोन ध्वनिवर्धक. दुपारी साडेचारलाच त्यांतून असे काही दणके येत होते, की समोर समुद्र आहे हे डोळ्यांनी पाहून खात्री करून घ्यावी लागत होती. ज्यांना हे आवडते त्यांनी खुशाल राहावे, पण लग्नाच्या वरातीत झोपण्यासाठी मी कोकणात येत नाही. आम्ही बाणेदारपणे निघालो आणि "आपण खरे प्रवासी आहोत" अशा तोऱ्यात तासाभराने कर्द्याला उतरलो. तिथे तंबू ठोकण्यासाठी कोणाची परवानगी घ्यायची असते, हे आम्ही कोणालाही विचारले नाही. एवढे मात्र बरे, की गाडी वाळूत घालण्याचा मोह आवरला आणि ती वर रस्त्याच्या कडेला, सुरूच्या झाडांखाली ठेवली.

कर्द्याचा किनारा अगदी सपाट आहे. ओहोटीला पाणी इतके मागे जाते, की त्याच्यापर्यंत चालत जाईपर्यंत मुले दोनदा भांडली. सहा वाजता समोर नुसती वाळूच वाळू पसरलेली होती. आम्ही पायाने चाचपून कोरडी जागा निवडली आणि ती निवडताना मी जे बोलले, ते यजमान आजही चारचौघांत माझ्या आवाजात म्हणून दाखवतात. आमच्या मागे, सुरूच्या झाडांच्या जरा अलीकडे, कचऱ्याची एक लांबच लांब रेघ होती: सुरूच्या काड्या, फुटके शिंपले, नायलॉनच्या जाळ्याचा तुकडा, एका पायाची चप्पल, थर्माकोलचे दाणे आणि बाटल्यांची बुचे. ती पाहून मी म्हणाले होते, "लोकांना कचरा टाकायची काही शिस्तच नाही, आपण त्या घाणीपासून लांब, खालच्या बाजूला तंबू लावू." ती रेघ लोकांनी आखलेली नव्हती. दुपारचे पाणी जिथपर्यंत चढले होते तिथे समुद्राने स्वतःच्या हाताने ओढलेली ती सही होती आणि मी ती वाचून तिच्या चुकीच्या बाजूला घर बांधले होते. दुपारी भिजलेली वाळू चार-पाच तासांच्या उन्हाने वरवर वाळली होती. तीच आम्हाला कोरडी जमीन वाटली.

संध्याकाळ मात्र अपूर्व होती. समोर सूर्य पाण्यात उतरत होता आणि पाठीमागे माडांच्या वर पूर्ण चंद्र येत होता. मुले मधोमध उभी राहून एकदा इकडे, एकदा तिकडे बघत होती. सासूबाईंनी वर गाडीत बसून बॅटरीच्या उजेडात पोथी वाचली आणि साखर घालून केळ्याचा प्रसाद केला. आम्ही छोट्या शेगडीवर खिचडी शिजवली. नऊला सगळे झोपलो.

आता पुन्हा पावणेअकराकडे येते. पाणी लाटेसारखे आले नव्हते. तसे आले असते तर निदान जाग आली असती. चटईखाली हात सरकवावा तसे ते बोटभर जाडीचे, सावकाश सरकत आले आणि मागे गेले. पुढच्या वेळी मागे जाताना तंबूच्या समुद्राकडच्या दोन मेखांभोवतीची वाळू त्याने उकरून नेली. यजमान गाडीची किल्ली शोधू लागले. किल्ली त्यांच्या पँटच्या खिशात होती, पँट उशाखाली होती आणि उशी तरंगत तंबूच्या दुसऱ्या टोकाला गेली होती. मी दार उघडायला गेले, तर ओल्या कापडात चेन अडकली. मुलगा नऊ वर्षांचा. तो अजिबात घाबरला नाही, उलट "तंबूची बोट झाली" म्हणून टाळ्या वाजवू लागला, आणि त्या क्षणी मला त्याचाच सर्वांत जास्त राग आला. बाहेर पडलो तेव्हा पाणी पोटऱ्यांपर्यंत होते. चांदणे इतके स्वच्छ होते, की आमच्या चपला आणि खिचडीचे पातेले एका ओळीत, गंभीरपणे किनाऱ्याकडे निघालेले स्पष्ट दिसत होते. सगळ्या वस्तू शेवटी जिथे जाऊन थांबल्या ती जागा म्हणजे मघाचीच कचऱ्याची रेघ. आमची शेगडी त्या एका पायाच्या चपलेशेजारी विसावली.

आमचा आरडाओरडा ऐकून वरच्या वाडीतून एक आजोबा बॅटरी घेऊन आले. त्यांनी आधी दोन्ही मुले मोजली, मग आम्हाला मोजले आणि मग म्हणाले, "आज पुनव हाय, ठाव नाय काय तुमाला?" याहून अधिक ते काही बोलले नाहीत. त्यांनी ओला तंबू यजमानांबरोबर ओढत वर आणला, पडवीत चटया टाकल्या आणि त्यांच्या घरच्या बाईंनी त्या अपरात्री मुलांना कोरडे कपडे दिले. आमच्या तळाच्या तक्रारी, आमचे खरे प्रवासीपण वगैरे सगळे त्या पडवीत एका दोरीवर वाळत पडले. सासूबाई गाडीत गाढ झोपल्या होत्या. त्यांना हे सकाळी कळले.

सकाळी चहा पिताना आजोबांनी हिशेब सांगितला. जी तिथी असेल तिची पाऊणपट करायची. येईल तितक्या वाजता पूर्ण भरती. दिवसा एक आणि रात्री एक, अर्धा तास इकडेतिकडे. पौर्णिमेनंतर पुन्हा प्रतिपदेपासून एक-दोन-तीन मोजायचे. पुनवेला आणि अवसेला उधाण, म्हणजे पाणी सर्वांत वर चढणार आणि सर्वांत खाली जाणार. अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे दोन्ही बेताचे. पुनवेला संध्याकाळी पूर्ण ओहोटी असते, म्हणून दिवस मावळताना आलेल्या माणसाला पुळण आंगणासारखी मोठी दिसते आणि तो फसतो. हे सांगताना ते माझ्याकडे पाहत नव्हते, हा त्यांचा सभ्यपणा.

यजमानांनी मोबाइल काढून पंधरा गुणिले पाऊण करायला घेतले. तेवढ्यात बशीतला चहा फुंकणाऱ्या सासूबाई मान वर न करता म्हणाल्या, "पंधरा पाऊण सव्वा अकरा." लहानपणी पावकी, निमकी, पाऊणकी त्यांच्याकडून घोकून घेतली होती आणि सत्तर वर्षे ती पाऊणकी कुठल्याही कामाला न येता तशीच कोरी राहिली होती. तिथी त्यांना ठाऊक होती, पाढा त्यांना पाठ होता; फक्त या दोहोंना जोडणारे वाक्य कर्द्याच्या एका पडवीत होते. "मला काल विचारले असतेत तर," असे त्या म्हणाल्या, जे शंभर टक्के खरे नव्हते, पण त्या दिवशी त्यांच्याशी वाद घालण्याची कोणाची प्राज्ञा नव्हती.

रविवारी दाभोळहून फेरीबोटीने वाशिष्ठी ओलांडून धोपाव्याला आणि तिथून गुहागरला गेलो. तंबू एका घराच्या आवारात, आंब्याखाली लावला आणि रात्रभर कोरडे झोपलो.

सोमवारी हेदवीला जायचे होते. तिथे उमामहेश्वराच्या देवळामागे काळ्या खडकात बामणघळ नावाची अरुंद चीर आहे. भरतीचे पाणी तिच्यात घुसते आणि वाट न मिळाल्याने वर उसळते. यजमानांचा आग्रह ऊन चढण्याआधी, दहालाच जाऊन येण्याचा होता. सासूबाईंनी गुहागरच्या अंगणातच निकाल दिला: "आज द्वितीया. दोन पाऊण दीड. एकच्या आत गेलात तर नुसती भेग बघून याल." आम्ही पावणेएकला पोहोचलो. बाराच्या उन्हात रखडून कंटाळलेले एक कुटुंब "काही नाही हो तिथे" असे सांगत गाडीकडे निघाले होते. आम्ही खडकाच्या काठापासून लांब, सावली नसलेल्या एका दगडावर सासूबाईंना बसवले. पहिली वीस मिनिटे चिरेच्या तळाशी पाणी नुसते गुरगुरत राहिले, पांढरे होऊन चढले आणि परत गेले. मुलगा दर मिनिटाला वेळ विचारत होता.

एक वाजून बावीस मिनिटांनी पाणी चिरेच्या तोंडाबाहेर आले, माणसाच्या दुप्पट उंच गेले आणि तुषार आमच्या चष्म्यांपर्यंत पोहोचले. मुले किंचाळली. सासूबाईंनी पदराने चष्मा पुसला, यजमानांच्या मनगटावरचे घड्याळ जवळ ओढून पाहिले आणि म्हणाल्या, "आठ मिनिटे आधीच आले की."