नुसतं 'जीसीएस 9' सांगू नका

आजच्या ड्युटीनंतर हे लिहावंसंच वाटलं. हँडओव्हरमध्ये, म्हणजे ड्युटी बदलताना पेशंट पुढच्याकडे सोपवताना, जीसीएसची (ग्लासगो कोमा स्केल, पेशंट किती शुद्धीत आहे ते मोजणारे गुण) नुसती बेरीज सांगून भागत नाही. ई म्हणजे डोळे उघडणं, व्ही म्हणजे बोलणं, एम म्हणजे हालचाल; ई2 व्ही2 एम5 असं सुटं सांगा. एम5 चा एम4 झाला आणि त्याच वेळी डोळ्यांचा एक गुण वाढला, तर बेरीज 9 च राहते आणि बिघाड लपतो.

आधी मोठ्याने हाक मारा, मगच दाब द्या. नखाच्या कडेला पेन टेकवून दाब हळूहळू वाढवा, 10 सेकंदांपर्यंत. हात नुसता मागे घेतला तर ते एम5 नव्हे. एम5 तपासायला खांद्याचा ट्रॅपेझियस स्नायू चिमटीत दाबा. हात कॉलरबोनच्या वर आला तरच 5. छातीवर मूठ रगडणं कृपा करून थांबवा, पेशंटच्या अंगावर वळ उठतात. घशात नळी असेल तर व्ही1 नाही, 'टी' (ट्यूब) लिहा.

पेशंट सुस्त आहे, एक बाजू लुळी वाटतेय? ग्लुकोमीटर लगेच लावा. शुगर खूप उतरली तरी चित्र हुबेहूब पॅरालिसिससारखं दिसतं. बोट आधी पाण्याने धुऊन कोरडं करा, कारण बोटाला साखर लागलेली असेल तर रीडिंग खोटं जास्त येतं.

आणि 'कन्फ्युज्ड' लिहिण्याआधी आजोबांचं कानाचं मशीन उशाशी काढून ठेवलंय का, तेवढं बघा.