काच उंच की ठेंगणी?

आज दिवसभर नव्या विंडशील्डमागे बसून दुचाकी चालवली आणि पहिल्यांदाच उतरल्यावर मान दुखली नाही.

जुनी काच चांगली उंच होती, तरी ८० च्या पुढे हेल्मेट नुसतं थडथडायचं, रात्रीपर्यंत कानात घों घों. काचेच्या कडेवरून सुटलेला वारा भोवरे घेत नेमका हेल्मेटवर आदळायचा. काचेमागे दाब कमी झाला की पाठीमागून कुणी ढकलतंय असं वाटायचं.

नवी नाकाच्या रेषेत संपते, नजर कडेच्या वरून जाते. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. पावसात, रात्री, समोरून दिवे आले की ओल्या काचेतून रस्ता दिसतच नाही. खाली हेडलाइटपाशी बोटभर फट आहे, तिथून हवा आत येते आणि मागचा दाब सावरतो. ती फट मी पट्टी लावून बुजवणार होतो, बरं झालं राहिलं ते!

पॉलीकार्बोनेट प्लास्टिकचीच घेतली. अ‍ॅक्रिलिकवर ओरखडे कमी पडतात, पण खडा लागला तर ते तडकतं. धुवायला भरपूर पाणी आणि मऊ फडकं. अमोनियावाला स्प्रे अजिबात नाही.

उद्या स्क्रू पुन्हा तपासायचेत. रबरी वॉशर दबले की स्क्रू थोडे सैल पडतात.