ऑक्टोबरचा घड मे महिन्यातच ठरतो

द्राक्षाच्या गोडी छाटणीनंतर (ऑक्टोबरची, फळासाठीची) काड्यांवर घडांऐवजी बाळ्या, म्हणजे वेलीचे ताणे, निघाल्या की पहिला संशय पेस्टिंगवर, म्हणजे डोळे फोडायला लावलेल्या रसायनावर, येतो. पण पेस्टिंगने डोळा जागा होतो, त्यात घड भरत नाही. घड असलाच तर तो खरड छाटणीनंतरच्या (एप्रिलच्या सुमाराची, नव्या काड्यांसाठीची) दिवसांत आत बसलेला असतो.

द्राक्षाचा डोळा म्हणजे एकटा कोंब नव्हे. खवल्यांखाली तीन असतात: मधला मुख्य, बाजूचे दोन राखीव. मुख्य मेला तर राखीव फुटतो, पण त्याला घड बारीक येतो किंवा येतच नाही. मुख्य कोंबात आधी एक इवलासा उंचवटा दिसतो. त्याचा घड होणार की बाळी, हे तेव्हा ठरलेलं नसतं. सायटोकायनिन हे संजीवक भरपूर मिळालं तर त्याला फाटे फुटून घड होतो; जिबरेलिन हे शेंड्याची वाढ पळवणारं संजीवक वरचढ झालं तर बाळी. शेंडा सुसाट पळणारी हिरवीगार बाग म्हणूनच फसवी.

नाशिक-सांगलीकडे हा काळ खरड छाटणीनंतर साधारण 40 ते 60 दिवसांचा. या दिवसांत नत्र आणि पाणी आवरतं घ्या, दाट फुटी वेळेत विरळा. डोळ्याशेजारच्या पानावर ऊन पडलंच पाहिजे. सावलीतली काडी जाड झाली तरी बहुधा वांझ निघते. सबकेन (काडीवरची उपकाडी) करायची तर सात पानांवर शेंडा मारा, वरची एकच बगलफूट (पानाच्या बगलेतून निघणारी फूट) ठेवा, बाकीच्या काढा. फलधारक डोळे मग बहुतेक शेंडा मारलेल्या जागच्या गाठीच्या आसपास सापडतात.

अर्थात 'बहुतेक'वर कात्री चालवू नये. छाटणीआधी प्रत्येक प्लॉटच्या काड्या वेगळ्या बांधून परीक्षणाला द्या. डोळा कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की कितव्या डोळ्यावर छाटायचं ते कळतं. जाड आणि बारीक काड्या एकत्र दिल्या तर अहवाल कुठल्याच काडीचा राहत नाही.

छाटल्यावर टोकाचा डोळा आधी फुटून खालच्यांना दाबतो. ते टाळायला 48 तासांच्या आत हायड्रोजन सायनामाइड लावतात, हेच पेस्टिंग; 50 टक्क्यांचं असेल तर लिटरला 30 ते 40 मिली. बारीक काडीला किंवा कडक उन्हात मात्रा कमी ठेवा, नाहीतर डोळे जळतात. हातमोजे घाला. त्या दिवशी आणि नंतरचे काही दिवस दारू अजिबात नको, जिवावर बेतू शकतं.

घड दिसल्यावरही धोका टळत नाही. फुटीच्या वेळी ढगाळ हवा, वाफसा नसलेली, ओलीच राहिलेली जमीन आणि वर युरिया पडला, तर आधीच अशक्त असलेला घड जिरून त्याची बाळी होते. अशा वेळी आधी पाणी तोडा.