हँकचा उजेड

अमेरिकन कंट्री गायक हँक विल्यम्सच्या गाण्यांत मला सगळ्यांत जवळचं ‘आय सॉ द लाइट’. १९४७ साली त्याने ते रेकॉर्ड केलं. दारू आणि पाठदुखीने पोखरलेला हा माणूस तारणाचं गाणं मोकळ्या गळ्याने गातो. त्याला कुणी ढोंगी म्हटलं, तर मी भांडते. वैद्याची गरज निरोग्यांना नसते, आजाऱ्यांना असते, हे येशूनेच सांगितलंय ना!

अलाबामात त्याची आई बॅप्टिस्ट चर्चमध्ये ऑर्गन वाजवायची, लहानगा हँक शेजारी बसायचा. ते मला फार ओळखीचं वाटतं. नगरला उपासनेत पेटीवर ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची भजनं सुरू झाली, की मीही आईला बिलगून सूर धरायचे.

१ जानेवारी १९५३ रोजी ओहायोतल्या कँटनच्या कार्यक्रमाला जाताना मोटारीतच तो गेला. वय अवघं २९. कँटनच्या रंगमंचावर ती बातमी सांगितल्यावर जमलेल्या कलाकारांनी हेच गाणं म्हटलं. माँटगोमेरीला अंत्यविधीतही गायक रॉय एकफने हेच गायलं.

चाल किती आनंदी! आमच्याकडे मातीच्या वेळी संथ गीतंच निवडतात. माझ्या वेळी मात्र हे म्हणा, टाळ्यांसकट, असं मुलांना सांगून ठेवलंय.